अनामिकांची अटारी

(‘उद्योगांचे उदयास्त’ या विषयावरील व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



‘अटारी’ हे नाव उच्चारले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पंजाबातील सीमेवरचे ठाणे आणि सायंकाळचा ध्वजावतरणाचा सोहळा उभा राहतो. निमंत्रणपत्रिका वाचून एका ज्येष्ठ स्वयंसेवकांनी मला ‘सीमाप्रश्नावर बोलणार का?’ असे विचारलेही. आजचा विषय ती अटारी नाही. ही अटारी अमेरिकेतली, कॅलिफोर्नियातली. व्हिडिओ गेम बनवणारी आणि विकणारी ही कंपनी १९७२ साली जन्मली, दहा वर्षांत तिची उलाढाल सुमारे २०० कोटी डॉलरवर गेली आणि त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत तिचे तुकडे करून ती विकावी लागली.

नावाचा उलगडा आधी करतो. ‘गो’ नावाचा पटावरचा एक प्राचीन खेळ जपानमध्ये खेळला जातो. आपण बुद्धिबळात ‘शह’ म्हणतो, साधारण त्याच अर्थाने त्या खेळात ‘अटारी’ म्हणतात. संस्थापक नोलन बुशनेल यांना त्या खेळाची आवड होती, म्हणून हे नाव.

या कंपनीच्या पतनाची एक गोष्ट जगभर सांगितली जाते. ‘ई.टी.’ या गाजलेल्या चित्रपटावर कंपनीने घाईघाईने एक टाकाऊ खेळ काढला, तो कोणी घेतला नाही, लक्षावधी नग वाळवंटात पुरावे लागले आणि कंपनी बुडाली, अशी ती गोष्ट. त्यात काही तथ्य आहे. परंतु एका खेळाने एवढी मोठी कंपनी बुडत नसते. माझ्या मते अटारीचे भवितव्य ‘ई.टी.’च्या तीन वर्षे आधी, १९७९ साली ठरून गेले होते. ते कसे, हे आज मांडायचे आहे.

बुशनेल हे युटा विद्यापीठात शिकलेले विद्युत अभियंते. शिक्षण चालू असताना त्यांनी एका करमणूक-उद्यानात काम केले होते. पैसे घेऊन लोकांना खेळवण्याचे शास्त्र ते तेथे शिकले. विद्यापीठातील महागड्या संगणकावर विद्यार्थ्यांनी रचलेला अंतराळयुद्धाचा खेळही त्यांनी पाहिला होता. या दोन गोष्टींची सांगड घालण्याची कल्पना त्यांच्या डोक्यात घोळू लागली. टेड डॅबनी या सहकाऱ्याबरोबर, प्रत्येकी २५० डॉलर घालून, जून १९७२ मध्ये त्यांनी अटारीची स्थापना केली. अल अल्कॉर्न या तरुण अभियंत्याला त्यांनी हात बसावा म्हणून एक सोपे काम दिले : पडद्यावर दोन फळ्या, मधून जाळी आणि उसळणारा एक ठिपका. हाच ‘पाँग’. सनीव्हेल गावातल्या एका मद्यगृहात हे यंत्र चाचणीसाठी ठेवले. काही दिवसांनी ते बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न यांनी जाऊन उघडले, तर आतला डबा नाण्यांनी गच्च भरून वाहत होता!

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ही कल्पना सर्वस्वी बुशनेल यांची नव्हती. दूरचित्रवाणी संचावर खेळण्याचे पहिले घरगुती यंत्र राल्फ बेअर यांचे. मॅग्नाव्हॉक्स कंपनीने ते १९७२ मध्येच बाजारात आणले होते आणि त्यातील चेंडूफळीचा खेळ बुशनेल पाहून आले होते. पुढे न्यायालयात दावा झाला आणि अटारीने तडजोड केली. तथापि ती कल्पना लोकांच्या गळी उतरवली ती अटारीने. १९७५ च्या नाताळात सिअर्स या दुकानसाखळीमार्फत घरगुती ‘पाँग’चे दीड लाख संच विकले गेले. १९७६ मध्ये चित्रपट आणि संगीत क्षेत्रातील बलाढ्य वॉर्नर कंपनीने २ कोटी ८० लाख डॉलर मोजून अटारी विकत घेतली. बुशनेल यांनी विकली, कारण पुढच्या यंत्रासाठी लागणारे भांडवल त्यांच्यापाशी नव्हते.

ते पुढचे यंत्र १९७७ मध्ये आले. त्यालाच पुढे ‘अटारी २६००’ म्हणू लागले. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत व्हिडिओ गेम आले, मुले ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळू लागली. त्या यंत्राच्या खाचेत जी चौकोनी ‘कॅसेट’ खोचावी लागे, आणि चालली नाही की फुंकर मारून पुन्हा खोचावी लागे, ती अनेकांना आठवत असेल. यंत्र एकदाच घ्यायचे आणि खेळांच्या कॅसेटी मात्र घेत राहायच्या, ही पद्धत घरोघरी रुजवली ती अटारीने. यंत्रावर नफा बेताचा, खरी कमाई कॅसेटीत. याचा अर्थ असा की कंपनीचे सारे भवितव्य कॅसेटीतला खेळ रचणाऱ्यांच्या हाती होते.

ते काम कसे असे, हे थोडे तपशिलात सांगतो. कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. या यंत्राची तात्पुरती स्मृती होती १२८ बाइट, म्हणजे १२८ इंग्रजी अक्षरे मावतील एवढी. पोस्टकार्डावरचा मजकूरसुद्धा त्यात बसणार नाही. पूर्ण चित्र साठवून ठेवायला जागाच नव्हती. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चित्र उमटते ते एकेका आडव्या रेषेने, वरून खाली, सेकंदाला साठ वेळा. प्रोग्रॅमरला त्या धावत्या किरणाच्या बरोबरीने धावावे लागे. एक रेष उमटेपर्यंत यंत्राच्या गणकाला फक्त ७६ ठोके मिळत, तेवढ्यात ‘या रेषेवर काय दिसावे’ याचा निर्णय करून मोकळे व्हायचे. एक ठोका चुकला की चित्र फाटलेच. एकच माणूस कल्पना करी, चित्रे काढी, आवाज बसवी, आज्ञावली लिही आणि महिनोन्महिने घासूनपुसून खेळ सिद्ध करी. यंत्र बनवणाऱ्यांनी ते मोजक्या साध्या खेळांपुरतेच योजले होते. त्यातून बुद्धिबळ, विमानयुद्ध, अरण्य आणि चक्रव्यूह बाहेर काढले ते या मंडळींनी.

१९७८ च्या अखेरीस वॉर्नरशी मतभेद होऊन बुशनेल बाहेर पडले आणि सूत्रे रे कॅसार यांच्या हाती आली. कॅसार आयुष्यभर वस्त्रोद्योगात वावरलेले, बर्लिंग्टन या कापड कंपनीतले अधिकारी. त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो : बुशनेल यांच्या काळातला सावळागोंधळ त्यांनी संपवला, हिशेब शिस्तीत आणले, केवळ नाताळात विकली जाणारी वस्तू वर्षभर विकायला शिकवले. उलाढाल २०० कोटींवर गेली ती त्यांच्याच कारकिर्दीत. कॅसार यांना विक्री उत्तम कळत होती. आपण काय विकतो आहोत, हे मात्र त्यांना अखेरपर्यंत उमगले नसावे.

१९७९ मध्ये कंपनीत एक परिपत्रक फिरले. कोणत्या कॅसेटीची किती विक्री झाली याची ती यादी होती. असे खेळ आणखी काढा, हा हेतू. डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, लॅरी कॅपलन आणि बॉब व्हाइटहेड या चार प्रोग्रॅमरांनी ती यादी वाचली आणि बेरीज केली. क्रेन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, सुमारे १० कोटी डॉलरच्या कॅसेट-विक्रीपैकी ६० टक्के विक्री त्यांच्या चौघांच्या खेळांची होती. वेतन मात्र प्रत्येकी वर्षाला तीस हजार डॉलरच्या आत. विक्रीतला वाटा नाही, आणि खेळाच्या वेष्टनावर नावही नाही. चौघे जण कॅसार यांना भेटले. पुस्तकाच्या लेखकाला, गाण्याच्या गायकाला मिळते तसे श्रेय आणि थोडा हिस्सा, एवढेच मागणे होते. वॉर्नर ही तर ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी! गायकाचे नाव छापल्याने तबकडी अधिक खपते हे तिच्या दारी कोणाला सांगायला नको होते.

त्या चौघांच्या आठवणीनुसार, कॅसार यांनी त्यांना सांगितले की कारखान्यात कॅसेट जुळवणाऱ्या कामगारापेक्षा तुमचे महत्त्व अधिक नाही. टॉवेलांवरची नक्षी काढणाऱ्यांशीही त्यांची तुलना झाली. आता, कामगाराशी तुलना हा मी काही अपमान मानत नाही. कॅसेट जुळवणाराही घाम गाळतो आणि त्याचाही मान असतो. पण ज्याच्या जागी दुसरा बसवता येतो आणि ज्याच्या जागी बसवता येत नाही, यातला भेद मालकाला कळला पाहिजे. नक्षी आवडली नाही तरी टॉवेल अंग पुसतोच. खेळ रंगला नाही तर कॅसेट हा प्लास्टिकचा निरुपयोगी ठोकळा उरतो.

चौघेही बाहेर पडले. ऑक्टोबर १९७९ मध्ये, संगीत व्यवसायातून आलेल्या जिम लेव्ही यांच्यासह त्यांनी ‘ॲक्टिव्हिजन’ ही कंपनी स्थापली. तोवर ज्याचे यंत्र त्याचेच खेळ, असा रिवाज होता. अटारीच्या यंत्रावर चालणारे खेळ बाहेरून बनवून विकणारी ही पहिली कंपनी. तिच्या माहितीपुस्तिकेत खेळ रचणाऱ्याचे नाव छापलेले असे, छायाचित्रासह. १९८२ मध्ये क्रेन यांचा ‘पिटफॉल’ आला आणि त्याच्या ४० लाखांहून अधिक कॅसेटी खपल्या. हा पैसा अटारीच्या तिजोरीत पडायचा तो दुसरीकडे गेला.

मागे राहिलेल्यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. वॉरन रॉबिनेट नावाचा तरुण ‘ॲडव्हेंचर’ हा खेळ रचत होता. नाव छापायचे नाही हा नियमच होता. त्याने खेळात एक गुप्त दालन बांधले. भिंतीत दडवलेला, पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक ठिपका सापडला आणि तो विशिष्ट जागी नेला की दार उघडे, आणि आत लखलखत्या अक्षरांत लिहिलेले दिसे की हा खेळ वॉरन रॉबिनेट यांनी निर्मिला आहे. कोणालाही न सांगता त्याने खेळ सुपूर्द केला आणि नोकरी सोडली. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने ते दालन शोधून काढले आणि कंपनीला पत्र लिहिले, तेव्हा वरिष्ठांना प्रथम कळले! दुरुस्तीचा खर्च मोठा असल्याने ते तसेच राहू दिले गेले. आपल्याकडे लेणी कोरणाऱ्यांनी स्वतःची नावे क्वचितच कोरली, असे आपण कौतुकाने सांगतो. तेथे अनामिकता त्यांनी स्वतः स्वीकारली असेल; येथे ती लादलेली होती, आणि नावामागचा नफा दुसऱ्याच्या खात्यात जमा होत होता.

रॉब फुलॉप यांनी ‘मिसाइल कमांड’ हा खेळ अटारीच्या यंत्रावर उतरवला. तो लक्षावधींनी खपला. नाताळचा बोनस म्हणून काय मिळाले? त्यांनीच सांगितले आहे : एक टर्की पक्षी फुकट नेण्याचे कूपन. तेही गेले, ‘इमॅजिक’ या नव्या कंपनीत. पुढे अटारीने विक्रीच्या प्रमाणात बक्षीस देण्याची पद्धत सुरू केली खरी, पण तोवर चांगल्यांतले बरेच जण दाराबाहेर होते.

बाहेरून मात्र सारे झळाळत होते. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा जपानी खेळ १९८० मध्ये अटारीच्या यंत्रावर आला आणि यंत्राचा खप कित्येक पटींनी वाढला. वॉर्नरच्या नफ्यातला निम्म्याहून अधिक वाटा एकटी अटारी देऊ लागली. मागणी एवढी की दुकानदारांना माल पुरेना. १९८१ च्या ऑक्टोबरात अटारीने घाऊक व्यापाऱ्यांना कळवले की १९८२ या संपूर्ण वर्षाची मागणी आत्ताच नोंदवा. व्यापारी अनुभवी. मागतो त्याच्या निम्मेच मिळते हे ठाऊक असल्याने त्यांनी दुप्पट मागणी नोंदवली. अटारीने ती खरी मानून कारखाने चालवले. कागदावरच्या त्या मागणीत ग्राहक कमी आणि व्यापाऱ्यांची भीतीच अधिक होती. आपल्या बाजारपेठांतल्या कोणत्याही मुरलेल्या अडत्याने हे एका नजरेत ओळखले असते.

त्याच वर्षी ‘पॅकमॅन’ आला. ७० लाखांहून अधिक कॅसेटी खपल्या. त्या यंत्रावरचा तो सर्वाधिक खपाचा खेळ. तरीही तो कंपनीला महाग पडला. कारण बाहेरच्या मोठ्या यंत्रावरील ‘पॅकमॅन’ मुलांनी पाहिला होता, आणि घरी आणलेल्यात भुते लुकलुकत होती, रंग वेगळे, आवाज बेसूर. ‘अटारी’ असे छापलेले असूनही माल हलका निघू शकतो, हा धडा लक्षावधी घरांनी एकदमच घेतला. पुढच्या वेळी आई-वडील दुकानात थबकू लागले.

आणि मग ‘ई.टी.’. चित्रपट जून १९८२ मध्ये झळकला. हक्कांचा व्यवहार जुलैच्या अखेरीस झाला, त्यासाठी दोन ते अडीच कोटी डॉलर दिल्याचे सांगितले जाते. नाताळात कॅसेट दुकानात हवी, म्हणजे खेळ १ सप्टेंबरपर्यंत तयार हवा. जे काम सहा-सहा महिने चाले त्यासाठी हॉवर्ड वॉरशॉ यांना पाच आठवडे मिळाले. वॉरशॉ सामान्य नव्हते, ‘यार्स रिव्हेंज’ हा त्या यंत्रावरचा एक उत्तम खेळ त्यांचाच. त्यांनी घरी यंत्रणा बसवून रात्रंदिवस काम केले आणि मुदत पाळली. खेळाडू मात्र पावलोपावली खड्ड्यात पडे आणि वर येता येता हैराण होई. सुमारे ४० लाख कॅसेटी बनवल्या होत्या. त्यांतला फार मोठा भाग परत आला. हा दोष वॉरशॉ यांच्या माथी मारला जातो तो मला अन्यायाचा वाटतो. पाच आठवड्यांची मुदत ज्यांनी कबूल केली, ते खेळ रचणे म्हणजे टॉवेलावरची नक्षी या समजुतीलाच जागत होते.

तोवर ॲक्टिव्हिजनवरचा दावाही तडजोडीने मिटला होता. दार सताड उघडे पडले आणि ज्याला त्याला खेळ काढण्याची हाव सुटली. ओटचे पीठ विकणाऱ्या क्वेकर कंपनीने व्हिडिओ गेमचा विभाग काढला. कुत्र्यांचे खाद्य विकणाऱ्या प्युरिनाने जाहिरातीसाठी चक्क कुत्र्याच्या जेवणाच्या गाडीचा खेळ काढला! दुकाने भरली, कंपन्या बुडाल्या, तीस डॉलरच्या कॅसेटी पाच डॉलरच्या टोपलीत जाऊन पडल्या. डिसेंबर १९८२ मध्ये वॉर्नरने अपेक्षित नफा होणार नसल्याचे जाहीर केले आणि तिचे समभाग कोसळले. त्या घोषणेच्या काही मिनिटे आधी कॅसार यांनी स्वतःचे पाच हजार समभाग विकले होते. चौकशी झाली, गुन्हा कबूल न करता त्यांनी नफा परत केला. फेब्रुवारी १९८३ मध्ये उत्पादन हाँगकाँग आणि तैवानला हलवून अटारीने १,७०० जणांना घरी पाठवले. जुलैत कॅसार गेले. त्या वर्षीचा तोटा ५३ कोटी ६० लाख डॉलर. अमेरिकेतील या उद्योगाची उलाढाल १९८३ मध्ये सुमारे ३२० कोटी डॉलर होती ती १९८५ पर्यंत सुमारे १० कोटींवर आली, असे आकडे दिले जातात.

याच धामधुमीत नियतीने एक संधी दिली होती, ती अनेकांना ठाऊक नसते. १९८३ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने आपले नवे यंत्र जपानबाहेर विकण्याचा अधिकार अटारीला देऊ केला होता. बोलणी पुष्कळ पुढे गेली. मग दुसऱ्याच एका खेळाच्या हक्कावरून गैरसमज झाला, तेवढ्यात कॅसार यांना जावे लागले आणि व्यवहार बारगळला. निन्टेन्डोने १९८५ मध्ये स्वतःच अमेरिकेत पाऊल टाकले. अटारीची फजिती त्यांनी नीट अभ्यासलेली होती. परवानगीशिवाय कोणाचीही कॅसेट चालणार नाही अशी चिप यंत्रात बसवली, बाहेरच्या कंपनीला वर्षाला पाचच खेळ काढू दिले आणि वेष्टनावर गुणवत्तेची मोहोर छापली. पुढची कित्येक वर्षे अमेरिकन मुले जपानी खेळ खेळली. आपल्या घरांतली ती ‘मारिओ’ची यंत्रे म्हणजे त्याच जपानी यंत्राच्या स्वस्त नकला.

जुलै १९८४ मध्ये वॉर्नरने अटारीचा घरगुती विभाग जॅक ट्रॅमिएल यांना विकला. कमोडोर या संगणक कंपनीचे हे संस्थापक, ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेले पोलिश ज्यू. रोख रक्कम जवळजवळ न घेता, मुख्यतः २४ कोटी डॉलरच्या वचनचिठ्ठ्यांवर हा व्यवहार झाला. नंतर ते नाव हातोहात फिरले. १९९८ मध्ये हॅसब्रोने ते ५० लाख डॉलरना घेतले, २००१ मध्ये फ्रान्सच्या इन्फोग्राम्सकडे गेले. त्या कंपनीने स्वतःचेच नाव बदलून अटारी केले आणि २०१३ मध्ये तिच्या अमेरिकी शाखेने दिवाळखोरी जाहीर केली. आजही अटारी नावाची एक छोटी कंपनी आहे. २०२३ मध्ये तिने जुन्या यंत्राची नवी आवृत्ती काढली, तीत जुन्या कॅसेटी चालतात. आणि त्या चौघांची ॲक्टिव्हिजन? अनेक चढउतार आणि विलीनीकरणे पाहून ती २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली, सुमारे ६,९०० कोटी डॉलरना.

वाळवंटातल्या त्या खड्ड्याचे सांगायचे राहिले. सप्टेंबर १९८३ मध्ये टेक्सासमधील कोठारातून मालमोटारी न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो गावी गेल्या, माल कचराभूमीत ओतला गेला आणि वर काँक्रीट टाकले. अनेक वर्षे लोक ही दंतकथाच समजत. २६ एप्रिल २०१४ रोजी तेथे उत्खनन झाले. सुमारे १,३०० कॅसेटी वर काढल्या. त्यांत ‘ई.टी.’ होता, पण ‘सेंटिपीड’ आणि ‘मिसाइल कमांड’सारखे चांगले, खपणारे खेळही होते. एक वाईट खेळ पुरला, ही कथा तेथेच खोटी ठरली. कोठारात पडून राहिलेले बरेवाईट सारेच पुरले होते. वॉरशॉ त्या दिवशी हजर होते. खेळांचा व्यवसाय सोडल्यावर ते मानसोपचारतज्ज्ञ झाले आणि सिलिकॉन व्हॅलीतल्या तंत्रज्ञांना सल्ला देऊ लागले.

अध्यक्षांनी वेळेची खूण केली आहे. प्रश्नोत्तरांना पंधरा मिनिटे आहेत. २००८ पासून पुण्यात युबिसॉफ्टसारख्या परदेशी कंपन्यांचे खेळ बनवणारे स्टुडिओ आले, त्या क्षेत्रातील काही तरुण मंडळी मागच्या रांगेत बसलेली दिसतात. खेळ संपल्यावर पडद्यावर सरकणाऱ्या नामावळीत आपले नाव येते की नाही, हे आधी त्यांनी सांगावे. मग आपले प्रश्न घेऊ.